कसं अंधुक?

चष्म्याच्या त्या दुकानात दिवसभर एकच शब्द ऐकू यायचा. म्हातारी माणसं यायची आणि म्हणायची, अंधुक दिसतंय. पोरंटोरं यायची, फळ्यावरचं अंधुक. बस नंबर अंधुक, टीव्हीवरची माणसं अंधुक, औषधाच्या बाटलीवरचं तर अगदीच अंधुक. आणि काउंटरमागे पांढरा कोट घालून उभी असलेली बाई प्रत्येकाला उलटा एकच प्रश्न टाकायची, "कसं अंधुक?"

लोक वैतागायचे. अंधुक म्हणजे अंधुक, त्यात कसं काय आलं? बाई मात्र हटायची नाही. धुरातून बघितल्यासारखं की पाण्यातून? एकाची दोन दिसतात का? कडा फाटल्यासारख्या होतात का? सकाळी जास्त की उन्हात? पोलिसांनीसुद्धा इतकं विचारू नये. शेवटी कुणीतरी तिचं नावच पाडलं, कसंबाई. दुकानाचे मालकही तिला त्याच नावानं हाक मारायचे आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

तिचं म्हणणं असं, की अंधुक हा शब्दच नव्हे, ते एक पोतं आहे. ज्याला जे नीट सांगता येत नाही ते तो त्या पोत्यात कोंबतो आणि आपल्यापुढे आणून टाकतो. मग पोतं उघडून बघायला नको? कोपऱ्यावरच्या शिंप्याचं अंधुक म्हणजे सुईला दोन नेढी दिसायची. तो दोरा नेहमी नसलेल्या नेढ्यात ओवायला जायचा. शेजारच्या आजींचं अंधुक म्हणजे दिव्याभोवती रंगीत कडी. एका नव्या नवऱ्याचं अंधुक म्हणजे बायकोनं लिहून दिलेली यादी तेवढी दिसत नव्हती, बाकी सगळं लख्ख होतं. त्याला तिनं काच न देताच घरी पाठवलं.

एका अंधुकला मात्र ती घाबरायची. छापखान्यातून निवृत्त झालेले एक काका आले होते. कसं अंधुक म्हटल्यावर ते म्हणाले, "समोर माणूस असतो, पण त्याला तोंड नसतं. बाजूचं सगळं दिसतं, मधलंच कुणीतरी पुसून टाकल्यासारखं." त्यांना तिनं काचा दाखवल्याच नाहीत. कुठलीही काच लावली तरी पुसलेलं परत येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला आणि काका जाताना बघत राहिली. ते मान जराशी वाकडी करून, पायरीच्या बाजूला बघत पायरी उतरले. ते बघण्याचं वळण तिच्या लक्षात राहिलं.

तिचा नवरा शाळेची बस चालवायचा. दुपारची फेरी संपली की बस आवारात लावायचा आणि बायको मोकळी होईपर्यंत दुकानातल्या बाकावर येऊन बसायचा. त्याच बाकावर त्यांची लेक रांगती झाली, बोलती झाली. समोर भिंतीवर दिव्याच्या पेटीत अक्षरांचा तक्ता. वर एकटा बशीएवढा 'र', त्याखाली 'प व', मग 'ग ट न', मग 'ल क ब स', असं लहान लहान होत शेवटची ओळ मुंगीएवढी. बाप लेकीला मांडीवर घेऊन तेच म्हणायचा, "र, पव, गटन, लकबस." पोरीनं आंघोळ करताना, जेवताना, जिना चढताना ते म्हणून म्हणून घर डोक्यावर घेतलं. शाळेच्या पहिल्या दिवशी शिक्षिकेनं अक्षरं म्हणायला सांगितली, तर ह्या बाईसाहेबांनी 'र'पासून सुरुवात केली आणि मुंगीच्या ओळीपर्यंत जाऊन थांबल्या. घरात त्यावरून कितीतरी दिवस हसणं चाललं होतं. आता लेक तिसरीत होती आणि रोज बापाच्याच बसनं शाळेत जायची.

त्या दिवशी बसमधल्या ताई चष्मा करायला आल्या. मुलांना चढवणं-उतरवणं, दप्तरं सांभाळणं हे त्यांचं काम. त्यांचा आवाज असा, की बस पोचण्याआधी त्या पोचायच्या.

"वहिनी, मला जवळचं अंधुक दिसतंय बघा."

"कसं अंधुक?"

"आलं का कसं! अहो, मोबाईल लांब धरला की दिसतं. पण आता हातच पुरेनासा झालाय."

ते सोपं अंधुक होतं, वयाचं. कसंबाईनं त्यांना खुर्चीत बसवलं, गोल काचांची फ्रेम नाकावर चढवली आणि एकेक काच बदलायला लागली. ताई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या.

"दादा हल्ली भारी चेष्टेखोर झालेत हं. सिग्नलला मला विचारतात, ताई, हिरवा झाला का? मी म्हणते, तुम्ही ड्रायव्हर की मी?"

"असं विचारतात?" कसंबाई हसली. "आता? ही बरी की ही?"

"ही. परवा तर त्या फळवाल्या मावशींच्या टोपलीवरूनच गाडी नेली. सगळी संत्री रस्ताभर. दादा म्हणाले ऊन डोळ्यांवर आलं. मावशींनी काय शिव्या दिल्या!"

कसंबाईच्या हातात काच होती. ती तिनं फ्रेमच्या खाचेत घातली, ती नीट बसली नाही, परत काढली.

"त्या रस्त्याला समोरून ऊन येतं?" तिनं विचारलं.

"आता ते कुणाला माहीत. पण काल माझा जीव गेला होता. पहिलीतल्या त्या घाऱ्या पोराची बाटली घरंगळत गाडीपुढे गेली. पोर लागलंच की तिच्यामागे, अगदी समोर वाकलेलं. दादांनी गिअर टाकला! मी अशी किंचाळले, की पुढच्या चौकातला पोलिस धावत आला. नशीब माझा आवाज असा आहे. दादा म्हणाले, दिसला होता मला, तुम्ही उगाच ओरडता." ताईंनी हातातलं पुस्तक जवळ-लांब करून पाहिलं. "अगंबाई, हे छान दिसतंय! हीच काच द्या."

ताई गेल्या. कसंबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. समोरच, मधोमध, दिवसाउजेडी वाकलेलं पोर. आणि तिच्या नवऱ्याचे डोळे अगदी चांगले होते. ते ती सोडून दुसरं कोण सांगणार? दरवर्षी शाळा ड्रायव्हरांच्या डोळ्यांचा दाखला मागते, आणि ह्या वर्षीची तपासणी तिनंच केली होती. ह्याच खुर्चीत बसून, एकदा उजवा झाकून आणि एकदा डावा झाकून, त्यानं तक्ता धडाधड वाचला होता. शेवटची मुंगीची ओळही. ती म्हणाली होती, गरुड आहात अगदी, आणि शिक्का मारला होता.

ती वळली आणि तक्त्याकडे बघितलं. र, पव, गटन, लकबस. डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीही तिला शेवटपर्यंत म्हणता आलं.

घरी ती त्याच्यावर पाळत ठेवून राहिली. बायकोनं नवऱ्यावर ठेवावी तसली नाही. तसली पाळत तर तिनं गेले काही महिने ठेवलीच होती. कारण तो तिच्याशी बोलताना तिच्याकडे बघेनासा झाला होता. कानाकडे बघायचा, नाहीतर खांद्यावरून पलीकडे. तिला वाटलं होतं, ह्याच्या मनात काहीतरी आहे. कुठेतरी काहीतरी चाललंय, म्हणून नजर चुकवतो. दोनदा तिनं रागारागात विचारलंही होतं, "माझ्याकडे बघून बोला की!" त्यावर तो म्हणाला होता, "बघतोय की गं." आता ती ताट वाढता वाढता त्याच्या मानेकडे बघत होती. मान जराशी वाकडी होती.

"मीठ कमी आहे का?" तिनं विचारलं.

"नाही, बरोबर आहे."

"ते तुमच्यासमोरच ठेवलंय, हवं तर घ्या."

त्याचा हात ताटाच्या कडेनं सरकत गेला, वाटीला लागला, पेल्याला लागला आणि मग मिठाच्या डबीवर पडला. डबी त्याच्या अगदी पुढ्यात होती. त्यानं मीठ घेतलं नाही, नुसती डबी थोडी बाजूला सरकवली. पोरगी शाळेतलं काहीतरी सांगत होती आणि तो खदाखदा हसत होता.

विचारायचं होतं ते एवढंच होतं. अख्ख्या गावाला ती तोंड वर करून विचारत होती. पण घास गिळावा तसा तिनं तो प्रश्न गिळला. विचारलं आणि तो म्हणाला असता, हो, तर? मग त्यापुढे काय होतं हे तिला चांगलंच माहीत होतं. आणि नाही म्हणाला असता, तर तिला ते खरं वाटलं नसतं. त्यापेक्षा ताईंना तिखटमीठ लावायची सवय आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. भीतीला असली कारणं बरोबर सापडतात.

सकाळी पोरगी गणवेश घालून, वेण्या घालून तयार. खालून बसचा हॉर्न वाजला. कसंबाईनं दार अडवलं.

"आज नको जाऊस. अंगात कणकण आहे तुझ्या."

"मला काही झालेलं नाहीये!"

"डोळे बघ कसे झालेत."

"तुला सगळ्यांचेच डोळे कसेतरी दिसतात," पोरगी चिडून म्हणाली. तिच्या वर्गात आज चित्रकला होती. तिनं दप्तर जमिनीवर आपटलं.

नवरा वर आला. त्यानं हात पुढे केला. तो आधी पोरीच्या वेणीला लागला, मग कपाळावर आला. "गार आहे की गं."

"तुम्हाला काय कळतंय? तुम्ही जा, उशीर होतोय."

तो गेला. कसंबाई खिडकीत येऊन उभी राहिली. खाली फाटकाशी इमारतीतली पोरं रांगेत होती. एकाच्या बुटाची नाडी सुटलेली. एकीचं दप्तर तिच्यापेक्षा मोठं. शेजारच्या घरातल्या बाईनं वर बघून विचारलं, "आज तुमची नाही का जात?"

"नाही. ताप आहे थोडा."

"अरे देवा. जपा हं तिला," शेजारीण म्हणाली. मग तिनं आपल्या मुलाचा हात धरून त्याला बसच्या पायरीवर चढवलं, वर ढकललं, आणि हसत हात हलवला.

कसंबाईला त्या क्षणी आपली लाज वाटली. आपली तेवढी काढून घेतली. बाकीची दिली पाठवून. ती तशीच जिन्यावरून धावत सुटली. बस सुरू झालेली होती. तिनं दारावर हात मारला आणि ताईंना म्हणाली, "ताई, आज पुढे बसा. ह्यांच्या शेजारी बसा. रस्त्याकडे बघा. बोलत राहा सारखं."

"बोलायला मला कधी सांगावं लागतं होय?" ताई हसल्या आणि पुढे येऊन बसल्या. नवऱ्यानं आरशात पाहिलं की पाहिल्यासारखं केलं, ते तिला कळलं नाही. बस वळणावरून दिसेनाशी झाली. उतरा सगळे, असं ओरडायचं धाडस तिला झालं नाही. कुठल्या तोंडानं ओरडणार होती? तिचाच शिक्का होता.

दुकानात त्या दिवशी तिच्याकडून एकही काम धड झालं नाही. उजव्याची काच डाव्याला लावली. एका आजोबांना कसं अंधुक हे विचारायचंच राहिलं, तर ते स्वतःच म्हणाले, "विचारा की, मी घरून पाठ करून आलोय." रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला, तेव्हा ती हातातलं सगळं टाकून रस्त्यावर आली. रुग्णवाहिका दुसरीकडेच गेली. ताईंना फोन लावला. "पोचलो कधीच," ताई म्हणाल्या. "काय झालंय काय वहिनी?" ती काही नाही म्हणाली आणि फोन ठेवला. पण अजून परतीची फेरी बाकी होती, आणि उद्या परत सकाळ होणार होती.

पोरगी बाकावर बसून चित्र काढत होती. आईवर राग धरून होती, म्हणून चित्रात फक्त बाप होता.

काचांच्या कंपनीचा माणूस कधीतरी एक नवा तक्ता फुकट देऊन गेला होता. जुना चालतोय की, म्हणत मालकांनी तो गुंडाळी करून कपाटावर टाकून दिला होता. कसंबाई स्टुलावर चढली, गुंडाळी काढली, धूळ झटकली. दिव्याच्या पेटीची काच सरकवून तिनं पिवळट पडलेला जुना तक्ता काढला आणि नवा लावला. नव्यावर वर एकटा 'च' होता. त्याखाली 'ड अ'. तिनं दिवा लावला. तो पांढरा उजेड बघून तिला आणखीच भीती वाटली.

"छान आहे," पोरगी नाइलाजानं म्हणाली. "पण आपलं गाणं गेलं."

दुपारची फेरी आटोपून नवरा आला तेव्हा तिनं इतका मोठा सुस्कारा टाकला, की मालकांनी मान वर करून बघितलं. मग ते जेवायला निघून गेले. आता दुकानात तिघंच होती.

"बसा जरा खुर्चीत," ती म्हणाली. "नवी फ्रेम आलीय तपासणीची. तुमच्यावर बघते कशी बसते ती."

"आत्ताच तर केलीस की तपासणी."

"बसा हो."

तो खुर्चीच्या हाताला धरून बसला. तिनं फ्रेम त्याच्या नाकावर ठेवली, डाव्या डोळ्यापुढे काळी चकती घातली. तिची बोटं थंडगार होती.

"बोटं गार का गं तुझी?" त्यानं विचारलं.

"वाचा," ती म्हणाली.

मनातल्या मनात ती म्हणत होती, अहो, अडखळा. चुका. डोळे बारीक करा. हे काय वेगळंच लावलंय म्हणा. काहीही म्हणा.

तो खुर्चीत रेलला. सैल, मजेत, पाठीवर ऊन घेत बसलेल्या माणसासारखा. आणि म्हणाला, "र. प, व. ग, ट, न. ल, क, ब, स..."

एकही अक्षर चुकलं नाही. थेट मुंगीच्या ओळीपर्यंत. समोर भिंतीवर बशीएवढा काळा 'च' तसाच जळत होता.

"बास?" तो म्हणाला. "स्वच्छ. लख्ख."

आता कसंबाईनं चकती दुसऱ्या डोळ्यापुढे घालायला हवी होती, पण ती तक्त्याकडेच बघत राहिली. बाकावरून पोरीच्या हसण्याचा आवाज आला.

"बाबा, काय रे! आईला चिडवतोस काय?"

तो आवाजाच्या दिशेनं वळला.

"ते जुनं आहे," पोरगी उठून त्याच्याजवळ आली. "आईनं नवीन लावलंय. आता खरं वाच."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यातून माणूस निघून गेला. तो हसत हसत म्हणाला, "चिडवतच होतो. हुशार आहेस तू." मग त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

"वाच ना," पोरगी म्हणाली. "अगदी सोप्पंय. पहिलं तर एवढं मोठ्ठं आहे."

त्यानं मान डावीकडे वळवली. मग थोडी उजवीकडे. हनुवटी वर केली. खुर्चीच्या हातांवरची त्याची बोटं पांढरी पडली होती. पोरीनं आधी बापाकडे बघितलं, मग आईकडे, आणि तिचं हसणं हळूहळू थांबलं. ती आईला येऊन चिकटली.

"वाचता येत नाहीये का बाबाला?" तिनं हळूच विचारलं.

रस्त्यावरून एक स्कूटर गेली. मग तो म्हणाला, "अंधुक दिसतंय गं."

इतक्या वर्षांत हा शब्द त्या खुर्चीतून तिनं किती जणांच्या तोंडून ऐकला असेल. त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. तिनं पोरीच्या डोक्यावरचा हात काढला, खुर्चीपुढे आली आणि त्याच्या गुडघ्यांशी बसली.

"कसं अंधुक?"

"तू नको विचारूस ते."

"कसं अंधुक, सांगा."

नाकावरची फ्रेम त्यानं काढली आणि चाचपडत तिच्या हातात दिली. "समोरचं नाही दिसत," तो म्हणाला. "बाजूचं दिसतं. रस्त्याच्या दोन्ही कडा दिसतात, झाडं दिसतात. मधे काहीच नाही. आधी एकाच डोळ्यात होतं. आता दोन्हीत." मग म्हणाला, "तुला तोंडच नाहीये."

ते वाक्य येणार हे तिला माहीत होतं. तिनं फ्रेम मांडीवर ठेवली.

"दाखल्याच्या वेळीसुद्धा?"

"तेव्हासुद्धा. मला वाटलं, तू पकडशील. पकडावंस असंही वाटत होतं. तू म्हणालीस, गरुड." तो हसायला गेला आणि त्याचा आवाज फुटला. "ते पोर, बाटलीवालं. नव्हतं दिसलं मला. मी खोटं बोललो ताईंशी. मला झोप नाही लागत. रोज वाटतं, उद्या सांगू. मला गाडीशिवाय दुसरं काय येतं गं? मला फार भीती वाटते."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "कालपासून मी मेल्यासारखी झालेय भीतीनं. चावी द्या."

त्यानं खिशात हात घातला. चावीला लेकीनं कधीतरी बांधलेली लाल लोकर होती. त्यानं ती मुठीत धरली, सोडवेना.

"उद्या सकाळी पोरं उभी राहतील फाटकाशी," तो म्हणाला.

"दुसरा ड्रायव्हर येईल. मी आत्ता शाळेत फोन करते. तपासणी माझी चुकली म्हणून सांगते. चुकलीच आहे."

"तुझी नोकरी जाईल."

"जाऊ दे गेली तर." असं ती म्हणाली आणि चावीसाठी हात पुढे केला. "आणि आपण आज डॉक्टरांकडे जायचं. ते सांगतील ते ऐकायचं. द्या."

त्यानं मूठ उघडली.

ती उठून काउंटरकडे गेली, फोन उचलला, शाळेचा नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजत राहिली. तोवर पोरगी बापापुढे येऊन उभी राहिली होती, अगदी समोर, नाकासमोर, हात मागे बांधून.

"बाबा, मी दिसते का?"

"दिसतेस ना."

"खरं सांग. आता चिडवायचं नाही."

"थांब," तो म्हणाला. "अशीच उभी राहा. हलू नकोस." आणि त्यानं तोंड तिच्यावरून बाजूला वळवलं, तिच्या कानाच्याही पलीकडे, दाराकडे बघितल्यासारखं. तसाच थांबला. त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. "आता दिसलीस," तो म्हणाला. "उजव्या वेणीची रिबीन सुटलीय."

रिबीन खरंच सुटली होती.

फोनवर कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं. कसंबाईला ते ऐकूच आलं नाही. गेले कितीतरी महिने हा माणूस तिच्याशी बोलताना असाच तिच्या कानाकडे, तिच्या खांद्यापलीकडे बघत होता, आणि ती त्याच्यावर रागावत होती. माझ्याकडे बघून बोला म्हणत होती. तो सगळा वेळ तो तिच्याकडेच बघत होता.

"हॅलो?" पलीकडून परत आवाज आला. "कोण बोलतंय?"

तिनं डोळे पुसले आणि आपलं नाव सांगितलं.